चेसिसवर वेल्डिंगचा एक ठिपका नव्हता

अन्याय यादम्मावर झाला. दोन जूनला आमचं राज्य आंध्रापासून वेगळं झालं, त्यानंतरच्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी पावणेअकरा वाजता, हैदराबादच्या अंबरपेठेत पुलाच्या अलीकडे आरटीओवाल्यांनी तिची तीनचाकी गाडी अडवली. दोन्ही पाय पोलिओनं गेलेल्या बाईला टोमॅटोच्या दोन क्रेटांसकट रस्त्याच्या कडेला बसवलं आणि गाडी उचलून नेली. आज पाच महिने झाले. गाडी आरटीओ कार्यालयाच्या आवारात भिंतीला लावून ठेवली आहे.

मामा, झाली ना पत्रकासारखी सुरुवात? तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाला असतात, "पुढारीण, आधी श्वास घे." मी श्वास घेतलाय. शुक्रवारी तुम्ही गेलात तेव्हापासून घेतेच आहे. येत्या रविवारी विहारात तुमचं पुण्यानुमोदन आहे. आई म्हणाली, मामाबद्दल दोन शब्द बोल. दोन शब्दांत मला काही येत नाही, हे तिला माहीत आहे. म्हणून लिहितेय, आणि मराठीत लिहितेय. नारायणगुड्याच्या शाळेत मी तेलुगू शिकले. मराठी अक्षरं तुम्ही गिरवून घेतलीत, तुमच्या कामाच्या शेडच्या पत्र्यावर, खडूनं. ऱ्हस्व-दीर्घ अजूनही चुकतात. चुकू देत.

तुम्ही जन्मलात कुठे, नोकरीला कधी लागलात, हे सगळं रविवारी काका लोक सांगतील. मला त्या गाडीचं सांगायचंय. तुमच्याशी माझं भांडण तिथेच राहिलंय.

ती गाडी यादम्माला एका समारंभात मिळाली होती. हार घालून, फोटो काढून. पुढे एक चाक, मागे दोन, मधे छोटं इंजिन, बसायला खुर्ची, खुर्चीमागे सामानाची पाटी. सपाट रस्त्यावर झकास. पण यादम्मा राहते गुट्ट्यावर. हैदराबादेत टेकडीला गुट्टा म्हणतात, आणि आमचे गुट्टे म्हणजे नुसते धोंडे, एकावर एक. वरच्या वस्तीला रस्ता नाही. धोंड्यांमधून माणसांच्या पायांनी पडलेली वाट आहे, तीच. यादम्मा पहाटे मंडीतून भाजी भरायची आणि वर न्यायची. ऑटोवाले वर येत नाहीत, हातगाडी चढत नाही. वस्तीची भाजी म्हणजे यादम्मा.

गाडीची मागची दोन चाकं एका सरळ लोखंडी धुऱ्यावर होती आणि तो धुरा सांगाड्याला थेट आवळलेला. मधे कमान नाही, स्प्रिंग नाही, काही नाही. एक चाक धोंड्यावर चढलं की अख्खी गाडी कलायची. यादम्मा दोनदा पडली. दुसऱ्यांदा मनगट मोडलं. जिचे हात हेच पाय आहेत, तिचं मनगट.

मी तुम्हाला गुट्ट्यावर घेऊन गेले ते गाडी सुधारायला नाही. हे मी कधी कबूल केलं नव्हतं. मोर्चे काढणाऱ्या आमच्या समितीला पत्रकासाठी एका जाणकार माणसाचं वाक्य हवं होतं. चाळीस वर्षं रेल्वेच्या डब्यांखाली काम केलेला फिटर म्हणतो की ही गाडी दान नव्हे, धोका आहे. इतकंच. वही-पेन काढून मी तयार उभी होते.

तुम्ही गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. यादम्माला म्हणालात, जरा वरपर्यंत जाऊन दाखव. ती निघाली आणि तुम्ही तिच्या मागून चालायला लागलात. मला वाटलं चाकं बघताय. अर्ध्या वाटेत मी विचारलं, मामा, धुरा वाकलाय का? तुम्ही म्हणालात, "धुऱ्याचं मला काय विचारतीस? तिची मान बघ."

मी पाहिलं. प्रत्येक धोंड्याला यादम्माची मान एका बाजूला झटका खायची, मग उलट्या बाजूला. झटका, उलटा झटका. वर पोचेपर्यंत मी मोजायचं सोडून दिलं. तुम्ही म्हणालात, हादरे मोजायला डब्यात पाण्याचा पेला ठेवून काय कळतं? माणसाच्या मानेला सगळं कळतं. मान हलायची थांबली की काम झालं समजायचं.

मग परत उतरताना तुम्ही वाटेवरचा एकेक धोंडा वितीनं मोजलात. दोन विती, दीड वीत, वीत आणि चार बोटं. वस्तीतली माणसं दारातून बघत होती. एका म्हातारीनं विचारलं, रस्ता करने आए क्या? तुम्ही म्हणालात, "नक्को अम्मा, रस्ता सरकार करता. मैं गाडी को समझाने आया."

त्या दिवशी माझ्या वहीत एकही वाक्य लिहिलं गेलं नाही.

मला यंत्रातलं कळत नाही. जे पाहिलं तेवढं सांगते, चुकलं तर तुमच्याकडे शिकलेली माणसं आहेत, ती दुरुस्त करतील. तुम्ही धुरा काढून टाकलात. प्रत्येक मागच्या चाकाला स्वतःचा एक हात दिलात. हात म्हणजे जाड चौकोनी नळी, पुढच्या टोकाला सांगाड्याशी बिजागरीसारखी जोडलेली, मागच्या टोकाला चाक. वर जुन्या स्कूटरचा झटके गिळणारा शॉकअप. आता डावं चाक धोंड्यावर चढलं तर डावाच हात वर जाणार, उजवं चाक आपलं जमिनीवर. इंजिनाची साखळी तुम्ही उजव्या चाकालाच ठेवलीत. आणि त्या हाताची बिजागरी साखळीच्या दातेरी चाकाच्या अगदी रेषेत बसवलीत, म्हणजे हात खालीवर झाला तरी साखळी ना ताणणार, ना सैल पडणार. हे बसवताना तुम्ही चार दिवस घालवलेत. मी विचारलं होतं, एवढंसं इकडेतिकडे झालं तर काय होतं? तुम्ही म्हणालात, चढावर साखळी पडते आणि बाई उलटी खाली येते. पुन्हा मी घाई केली नाही.

पहिल्यांदा तुम्ही स्वतः चालवलीत. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर गाडी सगळी बाहेरच्या बाजूला झुकली आणि तुम्ही भुईवर, शर्टाची बाही फाटलेली. यादम्मा ओट्यावर बसून बघत होती. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "अन्ना, अब समझा क्या, गिरते सो कैसा लगता?" तुम्ही तसेच बसल्या बसल्या म्हणालात, "हौ. समझा."

स्प्रिंगा मऊ केल्या म्हणून धोंडे पचले, पण वळणावर अंग सांभाळेना. कडक केल्या तर पुन्हा मानेला झटके. तुम्ही दोन आठवडे त्या गाडीसमोर स्टूल टाकून बसून राहिलात. मामी म्हणायची, जावई आलाय का तो, की त्याच्यापुढून उठवत नाही? 

बाहेर ते दिवस आठवतात ना? सगळ्या शहरात वाटणीच वाटणी. कुठलं खातं कुणाकडे, कुठला साहेब कुठल्या राज्याला, अगदी खुर्च्यांच्या याद्या चाललेल्या. छप्पन साली हैदराबाद राज्याच्या वाटणीत तुमच्या बापाचं गाव तिकडे मराठी मुलखात गेलं आणि बाप नोकरीसाठी सिकंदराबादेत इकडेच राहिला. तुम्ही म्हणायचात, बापानं एक वाटणी पाहिली, दुसरी माझ्या वाट्याला. आणि एका संध्याकाळी, टीव्हीवर तोच विषय चालू असताना, तुम्ही उठून शेडमध्ये गेलात आणि पोलादाची बोटाएवढी जाड सळई घेऊन आलात. ती दोन्ही हातांना आडवी बांधलीत. एक चाक थोडं उचललं तर सळई पीळ खाऊन जाऊ देते. पण गाडी एका बाजूला पडायला लागली की तीच सळई दुसऱ्या चाकाला धरते, एकट्याला जाऊ देत नाही. मला समजावताना म्हणालात, "वाटणी झाली तरी बांध सामाईक ऱ्हातो, पोरी. बांध उखडला की दोघांचंही रान वाहून जातं." मग खुर्ची चार बोटं खाली घेतलीत आणि शॉकअपची वरची टोकं बाहेरच्या बाजूला सरकवलीत.

शॉकअप किती दबतो हे बघायला तुम्ही माझ्या केसातलं रबर मागितलंत. मला वाटलं चेष्टा करताय. ते रबर शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर चढवलंत, खाली सरकवून ठेवलंत आणि यादम्माला भाजी भरून वर पाठवलंत. शॉकअप दबला की रबर वर ढकललं जातं आणि तिथंच राहतं. गाडी परत आली तेव्हा तुम्ही गुडघ्यावर बसून रबर कुठे थांबलंय ते पाहिलंत. टोकापासून दोन बोटं आधी. रिकाम्या गाडीला पाच बोटं आधी. चेहऱ्यावर काय आलं तुमच्या. लोक देवळातून बाहेर येतात तेव्हा असे दिसतात असं म्हणतात, आपण काही जात नाही, पण असेच दिसत असतील. लाखालाखाची यंत्रं वापरून जे मोजतात, ते तुम्ही एका रबरात मोजलंत. मी तोंड उघडून उभी होते. केस मोकळे सुटलेले, त्याचंही भान नव्हतं.

आणि नंतरची सकाळ. वस्तीतली माणसं भिंतींवर चढून बसलेली. यादम्मा सबंध माल भरून चढली. दोन वितीच्या धोंड्यावर डावं चाक गेलं, हात वर उचलला गेला, खाली आला, पुढचा धोंडा, पुन्हा वर. चाकं खाली जनावराच्या पायांसारखी आपापली चालत होती आणि वर ती बाई ताठ बसलेली. मी मागून तिची मान बघत होते. मान हलली नाही. टाकीच्या वळणावरही नाही. वरच्या बायका टाळ्या वाजवत होत्या आणि तुम्ही त्या सगळ्यांच्या मागे, एका धोंड्याला टेकून, फाटक्या चपलेचा अंगठा नीट करत होतात.

मामा, मी मोर्चे पाहिलेत, भाषणं ऐकलीत, दहा-दहा हजार माणूस एका आवाजात ओरडताना ऐकलंय. त्या सकाळएवढं मोठं काही मी पाहिलेलं नाही. हे तुम्हाला सांगितलं नाही, कारण मला पत्रक लिहायची घाई होती.

आता पत्रकाचं.

तुम्ही मला एक गोष्ट तीनदा दाखवली होतीत. गाडीखाली झोपायला लावून दाखवली होतीत. सांगाडा मूळचा. त्याला कुठे कापलेलं नाही, भोक पाडलेलं नाही, वेल्डिंगचा एक ठिपका नाही. सगळे नवे भाग पट्ट्यांनी आवळून बसवलेले. तुम्ही म्हणालात, दोन पान्हे घेऊन बसलं तर एका दुपारात सगळं उतरवून जुना धुरा परत लावता येतो. जुना धुरा तुम्ही तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवला होतात. मी म्हटलं, कशाला? ते भंगार फेका ना. तुम्ही म्हणालात, गाडी तिच्या नावावर आहे, चेसिसला हात लावला तर ती गाडीच राहत नाही, कागदावर दुसरीच होते. चाळीस वर्षं तुम्ही सरकारी लोखंडाला हात लावलात आणि सही असल्याशिवाय एक रिवेट काढला नाहीत. ते शहाणपण होतं. मला तो भित्रेपणा वाटला.

आणि मी पत्रकात तेलुगूत लिहिलं: दानात मिळालेलं भंगार आम्ही कापून फेकलं, मूळ गाडीचा मागचा एक बोल्टही ठेवला नाही, जनतेनं जनतेसाठी संपूर्ण नवी गाडी घडवली. पाचशे प्रती. छापून आल्यावर तुम्ही विचारलंत, काय लिहिलंस? तुम्हाला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही. मी सगळं वाचून दाखवलं. ते एक वाक्य गाळलं. का गाळलं? कारण मला माहीत होतं ते खोटं आहे. आणि कारण ते फार छान जमलं होतं.

गाडी जप्त झाली तेव्हा तुम्ही आणि मी आवारात गेलो. तिथल्या साहेबांच्या टेबलावर माझं पत्रक होतं, घडी घातलेलं. त्यांनी ते उलगडलं आणि मोठ्यानं वाचलं. तेच वाक्य. "कापून फेकलं, असं तुम्हीच लिहून दिलंय. सांगाडा कापलेली गाडी रस्त्यावर कशी सोडू?" असं म्हणाले. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. तेवढा वेळ मी तुमच्या कानाच्या पाळीकडे बघत होते, ती लाल झाली होती. मग तुम्ही शांतपणे म्हणालात, "साब, कागद गलत है, गाडी सही है. जरा नीचे झुक के देखो."

साहेब वाकले नाहीत. पँटला इस्त्री होती.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. हे माझं वाक्य आहे, खोटं आहे, मी लिहिलंय. मी काय केलं? मी घोषणा दिली. एकटीनं, त्या खोलीत. तुम्ही माझा दंड धरून बाहेर आणलंत.

त्यानंतर तुम्ही तपासणीचा अर्ज केलात, हातानं काढलेलं चित्र जोडून. दर आठवड्याला जात होतात. एकदा सांगितलं, ज्या साहेबांनी जप्ती केली ते वाटणीत आंध्राला गेले. मग सांगितलं, फाईल त्यांच्या खात्यासोबत गेली की इथे राहिली ते ठरायचंय. मग सांगितलं, शिक्का इथे आहे पण सहीचा अधिकार तिकडे. तुम्ही घरी येऊन सांगायचात तेव्हा आवाजात राग नसायचा. मला तुमचाच राग यायचा. वस्तीतल्या आणखी चौघांनी तुम्हाला तशीच गाडी मागितली होती आणि तुम्ही म्हणालात, ही पास झाल्याशिवाय दुसरी बनवणार नाही. त्या दिवशी मी तुमच्या शेडमध्ये उभं राहून म्हटलं की सरकारी पगारानं तुमचा कणा मोडलाय. आपल्या माणसानं, आपल्यासारख्या घरातून आलेल्या माणसानं, कुणाच्या सहीची वाट का बघावी?

तुम्ही जे बोललात ते मी तसंच्या तसं लिहिते. "माझ्या बापाला कुणी सही करू दिली नाही. मला चाळीस वर्षं डब्यांच्या तपासणीवर करू दिली. मी खाली झोपून बघितल्याशिवाय एकदाही केली नाही. त्यांनीबी बघावं, एवढंच मागतोय. सोडून द्या म्हणत नाही."

मी चप्पल घालून निघाले. तीन आठवडे आले नाही. चौथ्या आठवड्यात आईचा फोन आला.

तुम्हाला माहीत होतं का, की वाक्य माझं होतं? समितीत आम्ही सहा जण लिहितो. तुम्ही कधी विचारलं नाहीत. मी शुक्रवारी तुमच्या शेडमध्ये बसले होते, बायका घरात होत्या. यादम्मा आली. तिला दोन बायकांनी उचलून आणलं होतं. हल्ली ती लाकडी फळीवर बसून, हातांवर सरकत उतरते, भाजी बंद आहे, वरच्या घरी शिलाई करते. मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "अन्ना को मालूम था. मेरे को बोले, बच्ची है, उसको आप से आप बोलने दो." तुम्ही माझी वाट बघत होतात. सह्यांची नाही, माझी.

मामा, मी बोलले आहे. पाच महिने उशिरा. शनिवारी मी कार्यालयाच्या नावानं लेखी दिलंय: पत्रकातलं वाक्य खोटं आहे, ते मी लिहिलं, गाडीचा सांगाडा अखंड आहे, तपासून बघा. त्यावर आवक क्रमांक पडलाय. आता त्यांच्याकडे गाडी न तपासण्याचं एकच कारण उरलंय, ते म्हणजे तपासायला कुणाचा अधिकार आहे हे त्यांनाच माहीत नाही. तुमच्यासारखी सहनशक्ती माझ्यात नाही, ती येणारही नाही. पण तुम्ही मागत होतात ते मागणं किती मोठं होतं, ते मला आता दिसतंय. आम्ही दया मागतो, हक्क मागतो, ओरडतो. तुम्ही म्हणत होतात, माझं काम तपासा. एवढ्या मानानं सरकारकडे काही मागितलेलं मी कुणाला पाहिलेलं नाही.

आता हे वाचणाऱ्यांना. तुम्ही हैदराबादेत आहात, मराठी वाचता, म्हणजे तुमच्या घरात कुणीतरी रेल्वेत, बसडेपोत, कारखान्यात फिटर आहे, ड्रायव्हर आहे, सुपरवायझर आहे, किंवा होता. रविवारी पुण्यानुमोदनाला याल, फुलं आणाल, मामा चांगला माणूस होता म्हणाल. तेवढ्यावर थांबू नका. सोमवारी साडेदहाला त्या कार्यालयाच्या फाटकाशी या. घोषणा द्यायच्या नाहीत. फक्त एक कागद आहे, त्यावर एकच वाक्य आहे: या गाडीची तपासणी आमच्यासमोर आजच करा आणि निकाल लेखी द्या. खाली तुमचं नाव लिहा, तुमचा हुद्दा लिहा, सही करा. आणि साहेब गाडीपाशी येईपर्यंत फाटक सोडू नका.